सोमवारची मान

राजापेठेत आमच्या जिन्याजवळून जाणारी माणसं बारा महिने गळ्याला शेला गुंडाळून जायची. नव्या माणसाला वाटायचं, ऊन लागू नये म्हणून असेल. खरं कारण वरच्या मजल्यावर बसायचं आणि संध्याकाळी भाजी घ्यायला खाली उतरायचं. ते कारण म्हणजे आमचे सर.

सर पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला माणसाचा तुकडा तपासून त्यात रोग आहे का, असला तर कुठवर गेलाय, हे सांगणारे डॉक्टर. अकोल्याला सरकारी नोकरीत आयुष्य घालवून ते अमरावतीला आले आणि एका शिकवणी वर्गाच्या डोक्यावर दोन खोल्या घेऊन त्यांनी लॅब थाटली. मी अकोल्याचीच, नुकती शिकून बाहेर पडलेली. त्यांच्या हाताखाली लागले. खाली पोरं घसा फोडून गणिताची सूत्रं म्हणायची आणि वर बरण्यांमध्ये जिभा, गाल, जबडे फॉर्मलिनच्या पाण्यात गुमान बसलेले असायचे. पोरांना हे ठाऊक नव्हतं तेच बरं, नाहीतर वर्ग ओस पडला असता.

सरांची खोड अशी की भेटेल त्याच्या मानेला हात लावायचे. नमस्कार नाही, रामराम नाही. समोरचा 'काय सर' म्हणेपर्यंत सरांची बोटं त्याच्या जबड्याखाली शिरलेली असायची. डोळे मिटलेले, मान किंचित तिरपी, जणू आतलं कुणी काही बोलतंय आणि ते ऐकायचंय. बोटं कानामागून निघायची, गळ्याच्या हाडापर्यंत उतरायची आणि सुटायची. "बरं हाय," एवढंच म्हणायचे आणि वांगी निवडायला लागायचे.

जिन्याच्या तोंडाशी सुमनबाई भाजी घेऊन बसायच्या. माळ्याची बाई, जीभ विळ्यासारखी. सरांच्या चपलेचा आवाज आला की त्या आधी पदर गळ्याभोवती घट्ट ओढायच्या. एकदा म्हणाल्याच, "बाप्पा, डॉक्टरसाहेब, वांगे पाहून राहिले का मले?" सर हसले नाहीत. सर कधीच हसत नसत. त्यांनी पदराच्या वरूनच हात फिरवला.

लोक चिडत नव्हते, घाबरत होते. पेठेत एक गोष्ट पसरली होती. सरांचा हात एकदा फिरून गेला तर तो रामराम. पण हात खाली उतरल्यावर पुन्हा वर त्याच जागी परत गेला, तर घरी जाऊन निरवानिरव करून घ्यावी. मी शिकलेली मुलगी, असल्या गोष्टींना नाक मुरडायची. पण मग खालच्या वर्गातल्या गुरुजींचं झालं. गुरुजी खर्ऱ्याचे भक्त होते. खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घासून घासून केलेला आमचा वऱ्हाडी मेवा. वर्तुळाचा परीघ सांगतानाही त्यांचा गाल फुगलेला असायचा. एक दिवस जिन्यात सरांनी त्यांची मान चाचपली. हात खाली आला आणि परत वर गेला, डाव्या जबड्याच्या कोपऱ्यात. तिथंच थांबला. मी मागे उभी होते. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलेलं मी पाहिलं. "आजच्या आज अकोल्याले जा," सर म्हणाले. गुरुजी परीक्षा संपल्यावर गेले. पुढच्या वर्षी फळ्यावर दुसऱ्या कुणाचं अक्षर होतं.

त्यानंतर मीही शेला वापरायला लागले.

ती वर्षंच वाईट होती. कापसाचं पीक हातचं जायचं, पेपर उघडला की रोज कुठल्या ना कुठल्या गावचं नाव, आणि वऱ्हाडात मान म्हटलं की लोकांना आधी दोरच आठवायचा. सरांनी अकोल्याला पोस्टमॉर्टेमचंही काम केलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. पण एकदा कुणीतरी वैतागून विचारलं, "काहून हात लावता जी मानेले सारखे?" तेव्हा म्हणाले, "मेलेल्यायच्या माना लय पाह्यल्या. आता जित्यायच्या पाहू द्या." त्या माणसानं स्वतःच शेला सोडला.

दुसऱ्याला खर्ऱ्यावरून झापणारे हे सर स्वतः दिवसभर सुपारीचं खांड चघळायचे. सदऱ्याच्या खिशात सुटी सुपारी खुळखुळायची. मी म्हणायची, "सर, सुपारीनंही होतं. तुम्हीच शिकवलंय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "माह्यी जीभ मले विचारल्याशिवाय काई करत नाई."

त्यांची काम करायची पद्धत पाहून पहिल्या आठवड्यात मी पळूनच जाणार होते. मानेचं ऑपरेशन झालं की आमच्याकडे येतो तो पिवळ्या चरबीचा एक लगदा. त्या चरबीत बारीक बारीक गाठी असतात. प्रत्येकाच्याच मानेत असतात, तुमच्या-माझ्याही. तोंडाचा कॅन्सर पुढे निघाला की पहिला मुक्काम त्यांच्यात करतो. एकूण एक गाठ शोधून काढायची, कापायची आणि मायक्रोस्कोपखाली पाहायची, हे आमचं काम. एक जरी सुटली आणि तिच्यातच तो लपलेला असला, की माणूस गेला. कॉलेजात आम्ही हे काम उजेडात, चरबी सुरीनं चिरत करायचो. सर खिडकी लावून घ्यायचे. पंखा बंद करायला लावायचे. खाली पाठांतर चालू असलं तर मला पाठवायचे, "त्यायले म्हण, थोडा वेळ मनात म्हणा." मग हातमोज्यातल्या बोटांनी डोळे मिटून चरबी चिवडायला लागायचे आणि तिच्याशी बोलायचे. अगदी हळू, आजारी लेकराशी बोलावं तसं. "लपू नको वं. पाह्यलं म्या तुले. ये, अठी ये."

मी म्हणायची, "झालं सर, संपल्या." ते थांबायचे. ऐकायचे. आणि म्हणायचे, "अजून एक हाय."

आणि ती असायची. दर वेळी असायची. माझ्या अंगावर काटा यायचा तो त्या गाठीमुळे नाही, सरांच्या चेहऱ्यामुळे. गाठ सापडल्यावर ते खूश होत नसत. ओळखीचं माणूस चुकीच्या जागी दिसावं तसे बघायचे. "जिभेवर जन्मते अन् मानेत नांदाले जाते," असं पुटपुटून गाठ माझ्या हातात द्यायचे.

शिकवण्याची तऱ्हाही निराळी. सकाळी टेबलावर एक स्लाइड ठेवलेली असायची. नाव नाही, गाव नाही, वय नाही. "सांग, हे मानेत जाईन का नाई?" सुरुवातीला मी रोगाचा पसारा बघून घाबरायची आणि म्हणायची, जाईल. ते मान हलवायचे. "पसारा नको पाहू, खोली पाह्य. वावरात कुंदा पाह्यला ना? वर दोन पाती, अन् खाली पुरुषभर मुळी." मग मी भिंगातल्या पट्टीनं खोली मोजायला शिकले. जागा कुठली ते विचारायला शिकले, कारण जिभेवरचा रोग गालावरच्यापेक्षा चपळ असतो. रोगाची किनार पाहायला शिकले. ती भिंतीसारखी एकसंध सरकतेय, की फुटून चार-चार पेशींच्या टोळ्या पुढे निसटल्यात? आणि शेवटचा प्रश्न सर आवाज खाली आणून विचारायचे, "नसेले मिठी मारली का?" पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा स्लाइडवरून डोळा काढून घेतला होता. मधे नस आणि तिच्याभोवती त्या पेशी, शेकोटीला बसल्यासारख्या.

आता युसूफचाचांचं सांगते. सरांचं खरं चित्र तिथंच आहे.

युसूफचाचा अचलपूरचे पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या जिभेच्या कडेला चट्टा उठला, भरेना. अकोल्याच्या एका सर्जननी जिभेचा तेवढा भाग आणि मानेतली चरबी काढली, आणि दोन बरण्या भरून चाचांच्या मेहुण्याच्या, सलीमभाईंच्या हाती दिल्या. तेव्हा असंच चालायचं. नातेवाईकच बरणी मांडीवर घेऊन एसटीनं आमच्याकडे यायचे. सलीमभाई आले आणि त्यांनी एकच बरणी टेबलावर ठेवली, लहान. जिभेची.

स्लाइड तयार झाली. वरून चट्टा नखाएवढा, पण आत पार खोल उतरलेला, किनार फुटलेली. आणि नसेला मिठी. सरांनी डोळा भिंगावरून उचलला नाही. तसंच विचारलं, "मान कुठं हाय याची?"

मी सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, दोन बरण्या पाठवल्या आहेत. पण मान ऑपरेशनमध्ये हाताला स्वच्छ लागली होती, नाही सापडली तर जाऊ द्या. सरांनी माझ्या हातून फोन घेतला. मानेत रोग गेला असेल तर नागपूरला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल, नाहीतर हा माणूस वर्ष काढायचा नाही, असं सांगितलं. सर्जन म्हणाले, नुसत्या अंदाजावर शेक कसा देऊ? लाळ आटते, जबडा आखडतो. शिवाय चाचांनी पाटीवर लिहून दिलं होतं की थंडीच्या तोंडावर धंदा सोडून नागपूरला पडून राहणार नाही. मानेत रोग आहे, हे दाखवा, मग बघू. सगळं त्या न आलेल्या बरणीवर येऊन थांबलं.

सलीमभाईंना बोलावून घेतलं. ते मान खाली घालून म्हणाले, "दफन केली जी. कबरस्तानात." मी कपाळावर हात मारला. ते समजावून सांगायला लागले, "तपासाले लहानी बरणी पुरे हाय असं वाटलं मले. अन् ती मोठी तं माणसाची मान हाय. तुमी तपासून फेकून देसान. आमच्यात असं फेकत नाईत. माणसाचं अंग मातीतच जाते." रागवावं असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले. सर मात्र त्यांच्याकडे आदरानं बघत होते. "बरणीसकट पुरली का काढून?" त्यांनी विचारलं. सलीमभाई म्हणाले, झाकण उघडलं तर औषधाच्या वासानं डोळे झोंबले, म्हणून बरणीसकटच. सर उठले आणि त्यांनी टोपी घातली.

दसरा होऊन गेला होता. वेचण्या सुरू झाल्यामुळे एसटी रिकामीच होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं पांढरी. आम्ही भरदुपारी अचलपूरला उतरलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चाचा अजून अकोल्याच्या दवाखान्यातच होते. त्यांच्या घरात चाची एकट्या होत्या, आणि खुंटीला चाचांची पिंजायची धनुकली टांगलेली. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दफन केलेलं वर काढायचं म्हणजे काय, हे सरांनाही कळत होतं. ते विनवणीच करत होते. चाचींनी खुंटीवरच्या धनुकलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचं असतं तं हात लावू देला नसता. जित्या माणसाचं हाय, जित्यासाठीच काढा. पण परत आणून देसान?"

"मी सोता आणून पुरीन," सर म्हणाले. चाचींनी आतून हिरवी ओढणी आणून दिली, येताना बरणी तीत गुंडाळायला.

कबरस्तान गावाच्या कडेला, कडुनिंबाखाली. सलीमभाईंनी चाचांच्या वडिलांच्या कबरीजवळची जागा दाखवली. पण मधे पाऊस पडून गेला होता, माती बसली होती, आणि नक्की जागा त्यांच्या लक्षात येईना. कबर खोदणारे म्हातारेबुवा कुदळ घेऊन उभे राहिले. सरांनी त्यांना हातानं थांबवलं. स्वतः उकिडवे बसले, मातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पण बोटं हलत होती. मातीवरून हळू पुढे सरकत होती, तीच चाल, कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत. वारा पडला होता. कडुनिंबावरचा कावळासुद्धा ओरडत नव्हता. हात खाली गेला, थांबला आणि परत वर आला.

"अठी," सर म्हणाले.

वीतभर खाली झाकण लागलं. खोदणारे बुवा कुदळ टाकून दोन पावलं मागे सरले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणू लागले. मीही माझ्या परीनं म्हटलंच. शिक्षणबिक्षण त्या वेळी कुठं गेलं होतं कोण जाणे.

परतीची एसटी मात्र भरलेली होती. बरणी सरांच्या मांडीवर. शेजारच्या सीटवर संत्र्यांची पिशवी घेतलेली एक बाई होती. तिनं त्या ओढणीकडे बघून कौतुकानं विचारलं, "काय हाय जी, लोणचं?" सर म्हणाले, "मान." बाई परतवाड्यापासून अमरावतीपर्यंत उभीनं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी लागली, पंखा थांबला, खालच्या पोरांनी सूत्रं मनात म्हटली. फॉर्मलिनमुळे चरबी नीट टिकली होती. सर एकेक गाठ काढत गेले, मी स्लाइड करून पाहत गेले. स्वच्छ. पुढची स्वच्छ. तीही स्वच्छ. शेवटची पाहून मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच, "सुटले सर, चाचा सुटले!" सरांची बोटं त्या उरलेल्या चरबीत होती. त्यांनी मान तिरपी केली.

"अजून एक हाय."

तुरीच्या दाण्याएवढी होती. एवढी मऊ, की मी तिला चरबीच समजले असते. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर रोग तिच्यात पुरता नांदत होता आणि गाठीचं कवच फोडून बाहेरही पडला होता. मी सरांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

रिपोर्ट घेऊन सर स्वतः अकोल्याला गेले. चाचा ऐकेनात, तेव्हा ती स्लाइड त्यांना भिंगातून दाखवली म्हणतात. चाचा नागपूरला शेक घ्यायला तयार झाले. सोबत कोण? सलीमभाईंची वेचणी चाललेली. सर म्हणाले, मी जातो, माझंही तिकडं काम आहे.

ते बरेच दिवस नागपूरला राहिले. परत आले तेव्हा बोलताना 'स' नीट निघत नव्हता. "दाढ काढली," म्हणाले. चहा गार करून प्यायचे, तिखटाला शिवायचे नाहीत. खिशातली सुपारीही खुळखुळेनाशी झाली. तिच्या जागी बडीशेप आली. मी म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, अक्कल आली.

आल्याबरोबर त्यांनी टेबलावर स्लाइड ठेवली. "सांग, मानेत जाईन का नाई?" जिभेची होती. मी मोजलं. उथळ होती, किनार एकसंध, नसेच्या वाटेला गेलेली नव्हती. "नाही जाणार," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच स्लाइड. कोपऱ्याचा टवका उडालेला होता, म्हणून मी ओळखली. पुन्हा मोजलं, तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच. "खात्री हाय?" माझं डोकं फिरलं. "खात्री म्हणजे काय सर, आता माझी मान कापून देऊ का?"

सर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. दात दिसेपर्यंत हसले, आणि मग एकदम तोंडावर हात ठेवला, दुखल्यासारखा.

थंडी सरता सरता चाचांचा शेक संपला आणि सरांनी बरणी परत नेऊन पुरली. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. चाचींना दिलेला शब्द आहे, एकट्यानंच जायचं. पिशवी जरा जडच दिसत होती, पण मी विचारलं नाही.

त्याच सुमारास सोमवारची नवी टूम निघाली. "नुसत्या चरबीत शिकून काय होते? जित्या मानेवर शिक. माह्यी घे." दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, सर स्टुलावर बसायचे. सदऱ्याची वरची बटणं सोडायचे, हनुवटी वर करायचे आणि डोळे मिटायचे. मी मागून बोटं फिरवायची. एवढा मोठा माणूस मेंढरासारखी मान पुढे करून बसतो, याचं मला हसू यायचं. कधी घाईत हात फिरला असं वाटलं, तर मी पुन्हा एकदा बघते म्हणायची. ते ओरडायचे, "हात परत नेत नको जाऊ. पेशंट घाबरते. पह्यल्याच खेपेले नीट आयक."

"स्वच्छ," मी म्हणायची.

"बरं हाय," ते म्हणायचे आणि बटणं लावायचे. मग चहा. वर्षानुवर्षं हे चाललं. माझं लग्न झालं, खालचा वर्ग बंद पडून तिथं मोबाइलचं दुकान आलं, सुमनबाईंची सून भाजी घेऊन बसायला लागली. सोमवार चुकला नाही.

शेवटच्या सोमवारी मी आले तेव्हा सर आधीच स्टुलावर बसलेले होते, भिंतीला टेकून. बटणं सोडलेली, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मी पर्स ठेवली, सुमनबाईंच्या सुनेनं भाव कसे वाढवलेत ते सांगत सांगत हात चोळून गरम केले आणि त्यांच्या मानेवर ठेवले. बोटं सवयीनं कानामागून निघाली, हाडापर्यंत उतरली. "स्वच्छ," मी म्हटलं. सर 'बरं हाय' म्हणाले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोटांखाली काहीच उडत नाहीये. माझा हात गरम होता आणि त्यांची मान गार.

हृदय बंद पडलं होतं, रात्री नाही, भल्या सकाळी. म्हणजे ते माझी वाट बघत बसलेले असताना. त्यांच्या मागे बायको-मूल कुणी नव्हतं. अग्नी पुतण्यानं दिला. मी लॅब चालवायला लागले, पण ते स्टूल आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. सोमवारी सकाळी त्याच्याकडे बघवत नसे.

दिवाळीनंतर युसूफचाचा लॅबमध्ये आले. ते दर वर्षी थंडीच्या आधी सरांकडून मान तपासून घ्यायला यायचे. बातमी त्यांना कळली होती. अर्ध्या जिभेनं बोलायचे, पण नीट ऐकलं तर सगळं समजायचं. म्हणाले, "अचलपूरले चला मॅडम. सायबाचं एक काम दाखवाचं हाय."

त्याच कडुनिंबाखाली गेलो. तीच दुपार म्हणावी असं ऊन, तसाच वारा पडलेला. चाचांच्या वडिलांच्या कबरीशेजारी दोन लहान दगड होते. दोन्हींवर ताजी फुलं. एका दगडावर हात ठेवून चाचा म्हणाले, "ही माझी." आपल्याच मानेच्या कबरीवर फूल वाहणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग त्यांनी दुसऱ्यावर हात ठेवला. "अन् ही सायबाची."

मला काही कळेना. सरांना अग्नी दिलेला तर मी डोळ्यांनी पाहिला होता.

"माझी बरणी पुराले आले, तवा त्यायनं पिशवीतून अजून एक लहानी बरणी काढली," चाचा म्हणाले. "नागपुरात माह्या बाजूच्याच खाटेवर होते ते. त्यायच्या बी जिभेले तेच निघालं होतं. कापलं. कोणाले सांगू नको, अशी शपथ घातली होती मले. अठी बरणी पुरताना म्या म्हटलं, सायेब, तुमची मान काहून नाई कापली? माझी तं कापली. तं म्हणे, माह्या लॅबमधी एक पोरगी हाय. तिनं पाह्यलं. ती म्हणते, मानेत जात नाई."

मी कडुनिंबाला धरलं.

"म्या म्हटलं, तिले मालूम हाय का, तुमची हाय म्हणून? म्हणे, नाई सांगतलं. सांगतलं असतं तं तिनं भेवून 'कापा' म्हटलं असतं. बिननावाचं पाह्यलं म्हणून खरं बोलली."

कोपऱ्याचा टवका उडालेली ती स्लाइड. तीन सकाळी. खात्री हाय? आणि मग ते सगळे सोमवार. मी शिकतेय असं समजून हसत हसत, भाजीचे भाव सांगत, त्यांना दर आठवड्याला त्यांचा निकाल देत होते. ते डोळे मिटून तो ऐकायचे, बटणं लावायचे आणि चहा मागायचे. मला रडू आलं. भर कबरस्तानात, चारचौघांच्या कबरींमध्ये, मी लहान मुलीसारखी रडले. चाचांनी रडू दिलं.

मग ते खाली बसले, आपल्याच दगडाला पाठ टेकून. गळ्याचा शेला सोडला. सदऱ्याची बटणं सोडली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. "आता तुमीच पाहा," म्हणाले.

मी हात चोळून गरम केले. डोळे मिटले. शेकानं त्यांची कातडी चामड्यासारखी झाली होती. बोटं कानामागून निघाली. चाचांनी श्वास धरला होता. कुठं पानही हलत नव्हतं, आणि मला वाटलं, माझ्या मागे कुणीतरी मान तिरपी करून माझ्याबरोबर ऐकतंय. मी वळून पाहिलं नाही. बोटं जबड्याखालून सरली, जुन्या टाक्यांवरून गेली, हाडापर्यंत उतरली आणि तिथं थांबली.

हात परत गेला नाही.

"बरं हाय," मी म्हटलं.